भत्ता थांबतो, पगार लांब असतो



अंबरनाथच्या शिवमंदिराच्या परिसरातून आम्ही बचत गटातल्या बाया तुमच्याशी बोलतोय. वालधुनीच्या काठचं हे मंदिर शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं. त्याच्या भोवतीचं आजचं जग मात्र कारखान्यांचं आहे. अंबरनाथ-बदलापूरची एमआयडीसी, उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने आणि त्यांत कामाला येणाऱ्या नेवाळी, मांगरूळ, जांभूळ, वसत अशा गावांतल्या बाया. कारखाने चालू होतात, तसे बंदही पडतात. अंबरनाथची काड्यापेटीची विम्को गेली, मोहन्याची एनआरसी 2009 साली बंद झाली. काम सुटणं आपल्या भागाला नवं नाही.

काम सुटल्यावर काय करायचं यावर बैठकीत पुष्कळ बोललं जातं. आज आम्ही बोलणार आहोत पुन्हा काम लागल्यावर काय करायचं यावर. ऐकायला उलटं वाटेल. काम लागलं की पेढे वाटायचे, त्यात काळजी कसली? पण गटाच्या वह्या चाळल्या तर दिसतं, की सावकाराकडे जाण्याची वेळ पुष्कळदा नेमकी तेव्हाच येते. भत्ता थांबलेला असतो, खर्च वाढलेला असतो आणि पगार अजून लांब असतो.

आधी भत्त्याविषयी. ज्या बाईच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा कापला जातो, तिला काम सुटल्यावर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून भत्ता मिळू शकतो. योजना 1 जुलै 2018 पासून आली. सुरुवातीला सरासरी रोजाच्या पंचवीस टक्के रक्कम मिळायची, 2020 मध्ये ती पन्नास टक्के केली. आयुष्यात जास्तीत जास्त 90 दिवस. त्यासाठी निदान दोन वर्षं विम्याच्या नोकरीत असावं लागतं आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. गैरवर्तनाबद्दल काढून टाकलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर मिळत नाही. ही योजना मुदतीची आहे, वेळोवेळी वाढवत आणली आहे. म्हणून अर्जाआधी विम्याच्या शाखा कार्यालयात आजची स्थिती विचारून घ्या. ठेकेदाराकडे काम करत असलात तरी विमा कापला जात असेल तर विचारायला लाजू नका.

हा भत्ता म्हणजे भीक नव्हे. काम असताना आपल्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के भरले गेलेले असतात. रोजगार हमीचंही तसंच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आपल्या महाराष्ट्रात ती उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. पुढे 2005 च्या देशाच्या कायद्यानं सांगितलं, की काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. म्हणून काम मागताना तारखेची पावती घ्यावी. पावती नसेल तर हक्क तोंडीच राहतो.

आता हिशेबाकडे येऊ. समजा, आपल्यातल्या एका ताईला 12,000 रुपये पगार होता. मार्चच्या मध्यावर काम सुटलं. रोजाच्या चारशेचे निम्मे, म्हणजे दोनशे रुपये रोज असा तिला भत्ता मंजूर झाला. महिन्याचे 6,000. जूनच्या मध्यावर 90 दिवस संपले आणि 16 जूनला तिला तेवढ्याच पगाराची नवी नोकरी लागली. धन्याची रोजंदारी थोडीफार येते, पण वाणी, गॅस, वीज आणि मुलांची शाळा हिच्याकडे. त्याला महिन्याला 5,500 लागतात.

जूनचा पगार होईल जुलैच्या सात तारखेच्या सुमारास, आणि तोही पंधरा दिवसांचा. पंधरा दिवसांचे 6,000. त्यातून प्रॉव्हिडंट फंडाचे बारा टक्के म्हणजे 720 आणि विम्याचे 45 गेले. हातात 5,235. पुरा पगार हातात येणार थेट 7 ऑगस्टला.

मधल्या दिवसांत काय लागतं ते मांडा. कामावर रुजू झाल्यापासून 7 जुलैपर्यंत तीन आठवड्यांचा घरखर्च, साधारण 4,000. रुजू होताना फोटो, झेरॉक्स, चपला, डबा आणि पहिल्या महिन्याचं जाणं-येणं मिळून 1,000. जून म्हणजे शाळा उघडणार आणि पाऊस लागणार. वह्या, दप्तर, छत्री यांचे 1,500. जुलैत घरखर्च आणि प्रवास मिळून 6,100, हातात आलेले 5,235, म्हणजे 865 कमी. सगळं मिळून 7,365 रुपयांचा खड्डा. नोकरी लागलेली असताना!

हा खड्डा आधी दिसला तर बुजवता येतो. आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट. भत्ता हातात आला की त्यातले महिन्याला 500 रुपये वेगळ्या डब्यात किंवा गटाच्या खात्यात ठेवायचे. पुष्कळदा भत्ता उशिरा आणि एकगठ्ठा येतो. एकगठ्ठा पैसा आला की तो जास्त वाटतो आणि लवकर संपतो. तीन महिन्यांचे 1,500 बाजूला पडले तर खड्डा 5,865 वर येतो.

दुसरी गोष्ट. उरलेल्या रकमेसाठी गटाकडून उचल घ्यायची. 6,000 रुपयांवर शेकडा दोननं महिन्याचं व्याज 120. शेकडा दहा घेणाऱ्याकडे गेलात तर 600. ऑगस्टपासून ताईच्या हातात दर महिन्याला 10,470 येतील. खर्च 6,100 वजा केला तर 4,370 उरतात. महिन्याला 1,500 मुद्दल आणि वर व्याज देऊनही चार हप्त्यांत उचल फिटते, घर अडत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पगार 12,000 असला तरी घरखर्च 10,470 वर बांधायचा. घरातले सगळे बारा म्हणतील. दिवाळीचं कर्ज, दिराची गाडी, नणंदेचं कार्य, सगळे बारा हजारांकडे बघून बोलतील. आलेला पहिला पुरा पगार घरी सगळ्यांसमोर कागदावर मांडा. बाईनं नाही म्हटलं की ती वाईट ठरते. तेच कागदानं सांगितलं की वाद कमी होतो.

तिसरी गोष्ट. पगार सुरू झाल्याचं कळलं की कर्ज देणारेही दारात येतात. पहिले तीन महिने नवं कर्ज घ्यायचं नाही असं ठरवून टाका. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार सूक्ष्म कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. तुमचं उत्पन्न किती लिहिलं आहे ते सही करण्याआधी वाचून घ्या. जुनी देणी फेडताना आधी जास्त व्याजाचं फेडा. वाण्याला थोडं थोडं पण ठरल्या तारखेला द्या. दागिना गहाण असेल तर सोडवण्याची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

आता सरकारी मदतीविषयी. नोकरी लागली की विम्याच्या कार्यालयाला रुजू झाल्याची तारीख खरी सांगा. कामाच्या दिवसांचा भत्ता घेतला तर तो परत करण्याची वेळ येऊ शकते. लाडकी बहीण योजनेत जुलै 2024 पासून 1,500 रुपये सुरू झाले, त्यात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. ताईचे वर्षाचे 1,44,000. धन्याला महिन्याला 9,000 मिळत असतील तर त्याचे 1,08,000. बेरीज 2,52,000. मर्यादा ओलांडली! नोकरी लागल्यावर ही बेरीज प्रत्येकीनं करावी. आणि त्या दीड हजारावर कुठलाही हप्ता बांधू नये. येतील तोवर ते मुलीच्या शिक्षणाला किंवा बचतीला टाकावेत.

थोडं कागदांविषयी. नवीन ठिकाणी जुनाच विमा क्रमांक आणि प्रॉव्हिडंट फंडाचा जुनाच यूएएन द्या. नवा काढू देऊ नका. जुन्या फंडातले पैसे काढण्यापेक्षा ते नव्या खात्यात वळवून घ्या. फंडाची पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. पैसे काढून टाकले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला मागा. महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला एप्रिल 2023 पासून व्यवसाय कर नाही. चिठ्ठीत तो कापलेला दिसला तर विचारा. एसटीनं जात असाल तर मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, तेही हिशेबात धरा.

आणि ज्यांना कुठलाच भत्ता नाही त्यांचं काय? जीन्सचे धागे कापणाऱ्या, घरी बसून पाकिटं भरणाऱ्या आपल्या बहिणींचं काम सुटतं तेव्हा कुठलं कार्यालय त्यांची नोंद घेत नाही. विमा नाही, फंड नाही, चिठ्ठी नाही. पण त्यांच्याही नव्या कामाचे पहिले पैसे उशिराच येतात. त्यांच्यासाठी गट हेच कार्यालय आहे.

म्हणून प्रत्येक गटापुढे आम्ही एक ठराव ठेवतो. गटाच्या शिलकीतली थोडी रक्कम 'पहिल्या पगाराची उचल' म्हणून वेगळी ठेवा. नव्या कामावर लागलेल्या कुठल्याही सभासदाला ती दोन दिवसांत मिळावी, जामीन फक्त गटातल्या दोघींचा असावा आणि पहिला हप्ता पहिला पुरा पगार झाल्यावरच घ्यावा. घेणारीनं फेडली की पुढची ताई तयार असेलच.

येत्या बैठकीत वहीचं एक पान काढा. वर लिहा, रुजू होण्याची तारीख. खाली, पहिला पुरा पगार हातात येण्याची तारीख. मधले दिवस मोजा आणि त्या दिवसांत घरात काय लागेल ते लिहा. लिहिता येत नसेल तिनं सांगावं, दुसरीनं लिहावं. काम लागलेल्या ताईला पेढे जरूर मागा, पण ते ऑगस्टमध्ये!