चालती गाडी अचानक बंद पडली तर?
(संघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं, पेठ वडगाव)



आज बचतीचा हिशेब नाही आणि हप्त्याची आठवणही नाही. आज गाडीबद्दल बोलायचं आहे. आपल्या गटांतल्या बऱ्याच घरांत आता चारचाकी आली आहे. कुणाची जुनी ओम्नी, कुणाची सीएनजीची गाडी, कुणाचा भाजीचा छोटा टेम्पो. काही जणी स्वतः चालवतात, बाकीच्या शेजारी बसतात. वडगावातून बाहेर पडलं की थोड्याच वेळात आपण पुणे-बंगळूर महामार्गाला लागतो. तिथं चालती गाडी एकदम बंद पडली तर काय करायचं, हे चालवणारीला आणि बसणारीला, दोघींनाही माहीत पाहिजे.

"ते गडीमाणसांचं काम, आपल्याला काय कळतंय त्यातलं?" असं कुणी म्हणेल. मला एवढंच सांगायचं आहे, की दुरुस्ती मेकॅनिकलाच करू दे. आपली कामं दोन. आधी माणसं सुरक्षित करायची, आणि गाडी कशी बंद पडली ते नीट बघून सांगायचं.

पहिलं काम, माणसं.

इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं. घाबरू नका, ते वळतं, फक्त जोर लावावा लागतो. ब्रेकचंही तसंच. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला पहिल्या दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते, मग पायाखाली दगड असल्यासारखा लागतो. म्हणून ब्रेक सारखा सोडून परत दाबायचा नाही. एकदाच, ठामपणे दाबत न्यायचा. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही, कारण किल्ली काढली की स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. लाल त्रिकोणाचं बटण दाबून चारी इंडिकेटर लावा, गाडी न्यूट्रल करा आणि आहे त्या वेगात डाव्या कडेला घ्या.

थांबल्यावर सगळ्यांनी डाव्या बाजूनेच उतरायचं. पोरांचा हात धरून रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे उभं राहायचं. गाडीच्या मागे किंवा पुढे घोळका करायचा नाही. मागून ट्रक येऊन आदळला तर मधली माणसं सापडतात. उतरणं शक्यच नसेल तर बेल्ट लावून आत बसा आणि लगेच फोन करा.

गाडीतला लाल चमकता त्रिकोण मागे निदान पन्नास-साठ मोठी पावलं लांब ठेवा, महामार्गावर त्याहून लांब. तो ठेवायला जाताना कडेने चाला आणि येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवा. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड आणि झाडाची फांदी ठेवतात. गाडी निघून जाते आणि दगड तिथंच राहतो. रात्री त्याच दगडावर कुणाचा तरी पोरगा मोटारसायकलवरून पडतो. दगड ठेवलाच असेल तर उचलल्याशिवाय निघू नका.

फोन कुठं करायचा? राष्ट्रीय महामार्गावर 1033. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, म्हणजे त्यांना जागा कळते. हातकणंगले रस्त्यावर किंवा गावाकडच्या रस्त्यावर असाल तर 112, कुणाला लागलं असेल तर 108. रात्री एकटी असाल, भीती वाटत असेल, तरी 112 ला फोन करायला संकोच नको. घरच्यांना मोबाइलवरून लोकेशन पाठवा. हे नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाला, मी थांबते.

आता दुसरं काम, बघणं.

गाडी बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा दोनांतलं एक बिघडलेलं असतं, करंट किंवा इंधन. 1888 साली जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन पोरांना बरोबर घेऊन, माहेरी निघाली. अंतर साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे वडगावहून साताऱ्याला जावं तेवढं. तोवर एवढ्या लांब मोटार कुणी नेलेली नव्हती. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तिने टोपीच्या पिनेनं साफ केली. करंटची वायर उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतलं. तिच्याकडे ना मेकॅनिक होता, ना फोन. काय बिघडलंय ते तिनं बघितलं, म्हणून ती पोचली.

तुम्हीही बघा. पहिला प्रश्न, गाडी गेली कशी? घरातली लाईट जावी तशी एकदम गेली, तर संशय करंटवर. गचके खात, मिसिंग मारत, हळूहळू दम सोडला, तर संशय इंधनावर. डिझेल-पेट्रोल संपलं, फिल्टर तुंबला किंवा पंप गेला. सीएनजी असेल तर पेट्रोलवर टाकून बघा. पण गॅसचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर किल्लीला हात लावू नका, सगळे लांब व्हा.

दुसरा प्रश्न, किल्ली फिरवल्यावर काय होतं? काहीच होत नाही, दिवेही लागत नाहीत, तर बॅटरीची वायर ढिली किंवा गंजलेली असू शकते. नुसतं टक टक वाजतं, तर बॅटरी उतरली. चालत्या गाडीत बॅटरी उतरली याचा अर्थ ती चार्ज होत नव्हती, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा गेला. नुसती नवीन बॅटरी बसवून ते जाणार नाही. सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, तर इंधन किंवा सेन्सर. गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, हेही आठवणीने सांगा. मेकॅनिकला त्यावरून दिशा मिळते. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भुर्रकन फिरला तर आणखी मारू नका. आतला टायमिंग बेल्ट तुटला असेल तर प्रत्येक सेल्फला खर्च वाढू शकतो.

तिसरा प्रश्न, बंद पडायच्या आधी कुठला लाल दिवा लागला होता? बॅटरीचा, तेलाच्या बुधलीचा की तापमानाचा? तेलाचा लागला असेल तर गाडी चालू करू नका. वाफ येत असेल तर रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. इंजिन पूर्ण गार होऊ दे.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हा महामार्ग बंद झाला होता, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही. हवेबरोबर पाणी इंजिनात गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि आतला लोखंडी दांडा वाकतो. मग दुरुस्ती काही हजारांवर थांबत नाही, आणि नेहमीच्या विम्यात बरेचदा हे नुकसान धरत नाहीत. माणसं उतरवा, गाडी ओढून न्या.

आता गॅरेज. बाई एकटी गेली की "मालकांना पाठवा" म्हणतात. तेव्हा शांतपणे या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सांगा. "एकदम बंद पडली, बॅटरीचा दिवा आधी लागला होता, सेल्फ टक टक करतोय." असं बोलणाऱ्या बाईला समोरचा माणूस उडवून लावत नाही. आणखी तीन गोष्टी मागा. काम सुरू करायच्या आधी खर्चाचा अंदाज कागदावर, नवीन गाडी असेल तर स्कॅनर लावून तपासणी, आणि बदललेला जुना पार्ट परत.

हे मी इतकं का सांगतेय? गटातून कर्ज काढून घेतलेला टेम्पो आठ दिवस गॅरेजला उभा राहिला, तर भाजी तशीच सडते आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. चुकीचा पार्ट बदलला तर तेच पैसे दोनदा जातात. म्हणून ज्यांच्याकडे धंद्याची गाडी आहे त्यांनी दर महिन्याला थोडी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी, आणि गाडीसाठी कर्जाचा अर्ज आला की गटाने हे विचारावं.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती घेऊन या. बॉनेट उघडू. बॅटरी कुठली, तेलाची पट्टी कुठली, कूलंटचा डबा कुठला, ते प्रत्येकीने स्वतः हात लावून बघायचं. त्रिकोण गाडीत आहे का, तेही बघू. नसेल तर येताना घेऊन या.