काकूंना बोलू द्या: फोनवरच्या एआय एजंटची सेटिंग बदलताना

इंदूरच्या रामबागेतला एखादा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. नंबर लावायला फोन केला की तिथे एआयवर चालणारा व्हॉइस एजंट बोलतो, नाव विचारतो, वेळ देतो. पलीकडे सत्तरी ओलांडलेल्या काकू आहेत. त्या म्हणतात, "मला ना, डॉक्टरांना..." आणि पुढचं आठवेपर्यंत क्षणभर थांबतात. एजंट समजतो, यांचं बोलून झालं. तो मध्येच सुरू होतो. काकू गोंधळून फोन ठेवून देतात.

इथे चुकलेला असतो एक आकडा. बोलणारा गप्प झाल्यावर किती वेळ वाट पाहायची, तो आकडा. 2009 साली जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर त्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढं निघालं. एजंटही असाच चटपटीत वाटावा म्हणून हा आकडा लहान ठेवण्याकडे कल असतो. सराईत तरुणाला ते बरं वाटतं. काकूंना मात्र सेकंद-दीड सेकंद द्यायलाच हवा. माझ्या मते फोन करणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त असतील, तर सगळ्यांत आधी हाच आकडा तपासावा.

हा आकडा असतो कुठे? एजंट म्हणजे सहसा तीन कामं करणारी यंत्रणा. एक भाग ऐकलेलं अक्षरांत उतरवतो, दुसरा उत्तर ठरवतो, तिसरा ते आवाजात म्हणतो. या तिघांची सेटिंग, म्हणजे भाषा, आवाज, पहिलं वाक्य, वाट पाहण्याची वेळ, ही सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर एका नोंदीत ठेवलेली असते. त्या नोंदीला स्वतःचा आयडी असतो. वेबसाइटवर जाऊन ती हाताने बदलता येते. एपीआय हे त्याच नोंदीकडे जाणारं दुसरं दार, प्रोग्रॅमसाठीचं. दवाखान्याच्या चार शाखा असल्या, की चारही ठिकाणी हाताने बदल करताना एक तरी राहून जातो. प्रोग्रॅम चारही नोंदी एकसारख्या बदलतो आणि काय बदललं ते लिहूनही ठेवू शकतो.

बदल पाठवायच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. 'पुट'मध्ये पूर्ण नोंद नव्याने द्यावी लागते. 'पॅच'मध्ये बदलायचा तेवढाच भाग जातो. इंटरनेटच्या नियमांत ही रीत मार्च 2010 मध्ये आली. रेशनकार्डावर पत्ता दुरुस्त करणं आणि नवं कार्ड काढणं, एवढा फरक त्यांच्यात आहे. एजंटची सेटिंग बदलायला बहुतेक सेवा पॅच वापरतात. पत्त्याच्या ओळीत एजंटचा आयडी, सोबत एपीआय की, म्हणजे त्या दाराची गुप्त किल्ली, आणि आत जेसॉन नावाच्या लेखी स्वरूपात एवढाच मजकूर: वाट पाहण्याची वेळ, दीड सेकंद. आवाज, भाषा, पहिलं वाक्य जिथल्या तिथे राहतं.

आता यातली खरी मेख सांगतो. इंदूरचं कुणी 'महाराजा यशवंतराव रुग्णालय' असं पूर्ण नाव घेत नाही, सगळे 'एमवाय' म्हणतात. असे स्थानिक शब्द नीट ओळखले जावेत म्हणून काही सेवांत शब्दांची यादी देता येते. समजा, यादीत राजवाडा, रामबाग, छावणी आणि पलासिया आहेत. तुम्ही पॅचमधून फक्त 'एमवाय' पाठवलंत. तुम्हाला वाटलं, पाचवा शब्द जोडला. पण बऱ्याच ठिकाणी पॅच यादीत भर घालत नाही, अख्खी यादीच बदलतो. उरतो एकटा 'एमवाय', बाकीचे चार गेले! आणि सर्व्हर 200 हा आकडा पाठवतो, म्हणजे काम झालं. त्याच्या दृष्टीने ते झालेलंच असतं. म्हणून आधी 'गेट' वापरून सध्याची नोंद मागवा, तिची प्रत जपून ठेवा, त्याच यादीत नवा शब्द घाला आणि पाचही शब्द परत पाठवा.

200 ऐवजी 401 आलं, तर की चुकली आहे. 400 किंवा 422 आलं, तर पाठवलेल्या मजकुरात खोट आहे. आणि की कुणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ती हाती लागली तर परका माणूस तुमच्या एजंटच्या तोंडी काहीही घालू शकतो.

भाषेचंही पाहा. आपण इंदूरकर मराठीत सुरुवात करतो आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोहोचतो. बंगळुरूच्या सर्वमसारख्या भारतीय कंपन्या मराठी आणि हिंदी दोन्ही देतात. पण सेटिंगमध्ये एकच भाषा पक्की केली, तर दुसरीतले शब्द वेडेवाकडे उतरू शकतात. दोन्ही भाषा चालू ठेवायची सोय असेल तर ती घ्या.

बदल झाल्यावर चाचणी प्रत्यक्ष फोनवरूनच करा. साध्या फोन लाइनवर आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने जातात, संगणकाच्या माइकवर बरेच जास्त, त्यामुळे संगणकावर स्वच्छ ऐकू येणारं नाव फोनवर अडखळू शकतं. चालू असलेला कॉल बहुधा जुन्याच सेटिंगवर पुरा होतो, म्हणून फोन ठेवून नव्याने लावा. आणि फोन घरातल्या आजीच्या हातात द्या. काय बोलायचं ते शिकवू नका, मध्ये थांबल्या तर थांबू द्या, आणि एजंट किती वेळ गप्प राहतो ते घड्याळ लावून मोजा.