व्यापाराचे चित्र आणि व्यापाराचे सत्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या अनेक कुटुंबांत आज दोन पिढ्या एकाच पेढीवर बसतात. वडीलमंडळी खतावणी वाचतात. मुले संगणकावर आलेख काढतात. यांपैकी प्रमाण कोणते मानावे, याविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आकड्यांची चित्रे ही काही नवी गोष्ट नव्हे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ सालीच इंग्लंडचा आयात-निर्यात व्यापार रेषांनी रेखाटून दाखविला होता. नवी आहे ती सुलभता. २००३ साली स्थापन झालेल्या कंपनीचे टॅब्लो आणि २०१५ साली सर्वांसाठी खुले झालेले मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय यांसारख्या साधनांनी ही कला सामान्य दुकानदाराच्या हाती आणून दिली.

हिचा मोठा गुण असा की, सरासरीने झाकलेले चित्र उघडे करते. फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम या सांख्यिकीतज्ज्ञाने १९७३ साली आकड्यांचे चार संच मांडले. त्यांच्या सरासऱ्या जवळजवळ एकच होत्या. परंतु आलेख काढताच चारांची चार निराळी रूपे दिसली. त्याचप्रमाणे वार्षिक बेरजेत लपलेली एका शाखेची घसरण आलेखात तत्काळ नजरेस येते. त्या शाखेवर बोट ठेवताच कोणता माल पडून राहिला, हेही समजते.

आता दोष पाहू. एकाच ग्राहकाचे नाव वहीत तीन प्रकारे लिहिले असेल, तर यंत्र त्याचे तीन ग्राहक करते. विक्री ९८ हजारांवरून १ लाखावर गेली, तर वाढ सुमारे दोन टक्के. पण स्तंभांची मोजपट्टी शून्याऐवजी ९७ हजारांपासून सुरू केली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो. आकडे खरे, आणि समजूत मात्र खोटी! अशा चित्राच्या भरवशावर कर्ज काढणारे घर कोणत्या संकटात पडेल, हे सांगणे नलगे. शिवाय टॅब्लोच्या फुकट सार्वजनिक सेवेवर प्रसिद्ध केलेले काम जगास पाहता येते. तेथे ग्राहकांच्या याद्या किंवा उधारीचे आकडे ठेवणे म्हणजे तिजोरी चव्हाट्यावर मांडणे होय.

आणि विक्री घटली एवढेच चित्र सांगते. ती रस्ता खणल्यामुळे घटली की उधारी बंद केल्यामुळे, हे गल्ल्यावर बसणारासच ठाऊक असते.

म्हणून तरुणांनी आलेख जरूर काढावेत आणि वडिलांनी ते जरूर पाहावेत. मात्र पाहताना तीन प्रश्न विचारावेत: आकडे कोठून आले? मोजपट्टी कोठून सुरू झाली? आणि किती वर्षांचा हिशेब मांडला आहे? या प्रश्नांस उत्तर देता येईल तोच आलेख पेढीवर प्रमाण मानावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.