बहिरेपणा : समज आणि उपाय
(पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या घरी मूल जन्मले की त्याच्या कानात अजान दिली जाते. पण त्या कानाला ऐकू येते की नाही, हे मात्र आपण वर्ष-दोन वर्षे पाहत नाही. मूल बोलत नाही असे दिसले, तरी "त्याचा बापही उशिराच बोलला" असे म्हणून दिवस काढतो. या ढिलाईची किंमत मुलाला जन्मभर मोजावी लागते, म्हणून आज याच विषयावर चार शब्द सांगावयाचे आहेत.

ज्यांना आपण 'मुके' म्हणतो, त्यांतील बहुतेकांच्या गळ्यात काहीच दोष नसतो. बोलणे हे ऐकूनच येते. जे कानावर पडत नाही, ते ओठांवर येणार कसे?

बहिरेपणाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात आवाज आत पोहोचतच नाही. मळ साचणे, कान वाहणे, पडद्याला भोक पडणे ही त्याची कारणे. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने हा पुष्कळदा सुधारतो. वाहत्या कानात कोमट तेल घालणे मात्र कृपा करून बंद करा. दुसऱ्या प्रकारात आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी किंवा मज्जातंतू निकामी होतात. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. गरोदरपणातील रुबेला, नवजात बालकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, काही औषधे आणि सततचा मोठा आवाज ही त्याची कारणे होत. येथे श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट उपयोगी पडते.

एक गोष्ट स्पष्टच बोलतो. जवळच्या नात्यातील विवाहांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते, कारण एकच सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही येऊ शकते. अशा प्रत्येक घरात असे घडते असे नाही; परंतु घराण्यात कोणी जन्मतः बहिरे असेल, तर नाते ठरविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

तज्ज्ञांचा हिशेब सोपा आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ. भाषा शिकण्याची खरी वर्षे पहिलीच असतात. चष्मा लावला की दिसू लागते, तसे यंत्राचे नाही. यंत्र लावल्यावर ऐकण्यास शिकावे लागते. त्यासाठी वाचा-उपचार हवेत आणि आईचे दिवसभराचे बोलणे हवे. ज्यांना यंत्राचा लाभ होत नाही, त्यांच्यासाठी सांकेतिक भाषा आहे. तिला कमी लेखू नका. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून या कामाची राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. २०१६ च्या कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी नोकऱ्यांत बहिऱ्या व कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तींसाठी १ टक्का जागा आहेत. पण प्रमाणपत्रच काढले नाही, तर हक्क मिळणार कोठून?

मुलींच्या बाबतीत तर दुःख अधिक. "यंत्र दिसले तर स्थळ येणार नाही" म्हणून ते पेटीत पडून राहते आणि मुलगी शाळेतून घरी बसते. भगिनींनो, यंत्र लपविता येते, बहिरेपणा लपत नाही. लपते ती केवळ मुलीची हुशारी.

विद्यार्थी मित्रहो, वर्गात वारंवार "काय?" विचारणारा, शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहिणारा मुलगा मठ्ठच असेल असे नाही. त्याला पुढच्या बाकावर जागा द्या. त्याच्याशी समोरासमोर, सावकाश बोला. ओरडू नका आणि टोपणनाव तर मुळीच ठेवू नका. घरातील आजोबांनाही हाच नियम लावा.

आपली संस्था शिक्षणासाठी उभी राहिली. ते शिक्षण ज्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही, तोही आपलाच विद्यार्थी आहे. यंदा आपल्या मुलांचे कान एकदा तपासून घ्या, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.