काकूंच्या प्लेअरवर चालली, तरच डीव्हीडी झाली
(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हेत. आम्ही चौघे मंडळाचे साधे कार्यकर्ते. मांडव घालणे, ध्वनिक्षेपक लावणे, ऐन आरतीत वीज गेली की जनरेटरकडे धावणे, ही आमची कामे. चौघेही पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले आणि चौघेही राज्य शासनाच्या नोकरीत. गेली दोन वर्षे आम्ही मंडळींच्या घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट्सवरून डीव्हीडी करून देत आहोत. त्यात काय चुकले आणि काय जमले ते सांगा, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला, म्हणून उभे राहिलो आहोत.

आपल्या इंदुरात बहुतेक प्रत्येक मराठी घरात कपाटावर एक खोके असते. त्यात मुलाची मुंज असते, मुलीचे लग्न असते, वाड्यातले डोहाळजेवण असते, अनंत चतुर्दशीच्या रात्री कुणीतरी खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपलेल्या गिरण्यांच्या झांक्या असतात. कॅसेट आहे, पण व्हीसीआर बंद पडलेला. दुरुस्त करणारा म्हणतो, हेड मिळत नाही. दर पावसाळ्यात त्या फितीवर पांढरी बुरशी चढते. म्हणजे खोके जागेवर असले तरी आतली मुंज दरवर्षी थोडी थोडी पुसली जाते आहे.

कुणी विचारेल, डीव्हीडीच कशाला, पेन ड्राइव्ह का नको? तरुणांना पेन ड्राइव्ह चालेल. पण आपल्या काकू-आजींच्या घरी टीव्हीखाली एक साधा प्लेअर असतो. तबकडी ठेवायची, बटण दाबायचे, एवढे त्यांना येते आणि तेवढेच पुरेसे असायला हवे.

आता आमची फजिती सांगतो. लोकमान्यनगरातल्या एका काकूंकडे १९८९ सालच्या गणेशोत्सवात झालेल्या मंडळाच्या नाटकाची कॅसेट होती. काकांनी त्यात काम केले होते. काका जाऊन बरीच वर्षे झाली. फोटो भरपूर आहेत, पण त्यांचा आवाज दुसरा कुठेच नाही. काकू म्हणाल्या, "महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला बायका येतील, तेव्हा लावू. तेवढं करा रे बाबांनो."

एका घरी चालू अवस्थेतला व्हीसीआर मिळाला. महाराणी रोडवरून व्हीसीआर संगणकाला जोडायचे छोटे यूएसबी यंत्र आणले. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. या कामात घाई चालत नाही. नाटक पावणेतीन तासांचे, तर संगणकात उतरायलाही पावणेतीन तासच लागतात. उतरलेली फाइल आम्ही कोऱ्या डीव्हीडीवर टाकली. पडद्यावर 'काम पूर्ण झाले' अशी सूचना आली. सरकारी कचेरीत नस्तीवर सही झाली की काम संपले असे वाटते ना, तसेच आम्हाला वाटले. संगणकावर लावून पाहिली, छान चालली. केशरी कागदात गुंडाळून काकूंना दिली.

हळदीकुंकवाला पंधरा बायका जमल्या. तबकडी आत गेली, थोडी फिरली आणि पडद्यावर अक्षरे आली, 'नो डिस्क'. काकूंनी ती पुसून तीनदा लावून पाहिली. शेवटी त्यांनी सगळ्यांना हळदीकुंकू लावले आणि विषय बदलला. आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले.

काय चुकले होते? डीव्हीडीवर फाइल असणे आणि ती डीव्हीडी-व्हिडिओ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधा प्लेअर हा आमच्या आवक विभागातल्या बाबूसारखा असतो. अर्ज विहित नमुन्यात असेल तरच घेणार. आपल्याकडच्या पाल पद्धतीचा नमुना असा : चित्र एमपीईजी-२ प्रकारचे, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चौकटी. आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा, डॉल्बी डिजिटल, एमपीईजी किंवा पीसीएम प्रकारचा. हे सारे 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये. त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा फाइली असतात. एक व्हीओबी फाइल १ जीबीपेक्षा मोठी नसते, म्हणून एकाच नाटकाचे चार-पाच तुकडे दिसले तर घाबरू नये. प्लेअर ते सलगच दाखवतो.

हे हाताने करावे लागत नाही. 'डीव्हीडीस्टायलर' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. सुरुवातीला पाल निवडायचे, फाइल आत ओढायची, हवा असेल तर मेनू करायचा, बाकी रूपांतर तो करतो. 'विंडोज ७'च्या होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांत 'विंडोज डीव्हीडी मेकर' आधीपासूनच असायचा. फक्त डेटा डीव्हीडी हा पर्याय निवडायचा नाही. आमची पहिली चूक तीच होती.

दुसऱ्या वेळी आम्ही नमुना बरोबर भरला आणि हौस आड आली. पावणेतीन तासांचे नाटक एकाच तबकडीत कोंबले. लवकर व्हावे म्हणून सोळापट वेगाने लिहिले. वरून गणपतीचे सुंदर स्टिकर चिकटवले. या वेळी तबकडी चालू झाली. पहिला अंक दिसला, पण अंधाराच्या प्रवेशात चेहऱ्यांचे चौकोन चौकोन झाले. दुसऱ्या अंकात काका रंगमंचावर आले आणि चित्र जागीच थिजले. काकू म्हणाल्या, "ह्यांची एन्ट्री झाली आणि मशीनच थांबलं बघ."

त्याची कारणे अशी. एकपदरी डीव्हीडीची जागा ४.७ जीबी. संगणक त्याच जागेला सुमारे ४.३८ जीबी म्हणतो, कारण त्याची मोजणी वेगळी. दुकानदाराने फसवलेले नसते. या जागेत एक तास भरला तर चित्र उत्तम येते, दोन तास भरले तर ठीक येते. त्यापुढे प्रत्येक मिनिटाला जागा इतकी कमी पडते की चित्र फाटू लागते. जुन्या कॅसेटच्या चित्रात मुळातच खरखर असते आणि ती खरखरही जागा खाते, म्हणून तिथे तर कंजुषी करूच नये. उलट बाजूने, प्रमाणाबाहेर उदार होऊनही चालत नाही. चित्र-आवाज मिळून सेकंदाला १०.०८ मेगाबिट ही प्लेअरची कमाल मर्यादा आहे. घरी केलेल्या तबकडीत आम्ही सात-आठच्या पुढे जात नाही.

दुसरे म्हणजे, एकपदरी डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. स्टिकरमुळे तबकडीचा तोल बिघडतो, आणि अतिवेगाने लिहिलेल्या तबकडीतही चुका जास्त करून बाहेरच्या कडेकडे होतात. म्हणून पहिला अंक सुखरूप आणि दुसऱ्यात घात. तेव्हापासून आमचा नियम असा की चारपट किंवा आठपट वेगाने लिहायचे, स्टिकर लावायचे नाही, आणि नाव घालायचे ते तबकडीसाठीच मिळणाऱ्या मऊ टोकाच्या मार्करने. लिहीत असताना संगणकावर दुसरे काम नको आणि यूपीएस हवाच. मधेच वीज गेली तर ती तबकडी वाया.

तिसऱ्या वेळी दोन तबकड्या केल्या. मध्यंतर होतेच, तिथेच तोडले. 'इमेजबर्न' या मोफत प्रोग्रामने लिहिले आणि 'व्हेरिफाय' करून घेतले, म्हणजे लिहिलेले तो परत वाचून तपासतो. आणि मुख्य म्हणजे, या वेळी तबकडी पाठवली नाही. आम्ही स्वतः काकूंच्या घरी गेलो आणि त्यांच्याच प्लेअरवर सुरुवात, मध्य, शेवट असे लावून पाहिले. चालली.

त्यातून आणखी काही गोष्टी शिकलो, त्या थोडक्यात सांगतो.

जुन्या प्लेअरसाठी साधी डीव्हीडी-आर घ्यावी. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू किंवा दुपदरी तबकडी अनेक जुन्या प्लेअरना वाचता येत नाही. आपला प्लेअर आरडब्ल्यू वाचत असेल, तर आधी तिच्यावर तालीम करावी आणि जमले की कायमची तबकडी लिहावी.

टीव्ही रेकॉर्डरवर थेट केलेली तबकडी दुसऱ्या घरी चालत नसेल, तर ती बहुधा 'फायनलाइज' करायची राहिलेली असते. त्याच रेकॉर्डरवर परत लावून तो पर्याय दाबावा.

जुन्या पद्धतीच्या चित्रात प्रत्येक चौकट सम आणि विषम ओळींच्या दोन भागांत येते. हा क्रम उलटा झाला, तर ओवाळणारा हात थरथरल्यासारखा दिसतो. संगणकाच्या पडद्यावर हे सहज लक्षात येत नाही, टीव्हीवर लगेच येते. छोट्या डीव्ही कॅसेटच्या कॅमेऱ्यात खालची ओळ आधी येते, हे प्रोग्रामला सांगावे लागते.

नावांच्या पाट्या अगदी कडेला लिहू नयेत. जुने टीव्ही कडा कापतात. आमच्या एका तबकडीत यजमानांचे आडनावच गेले होते.

मोबाइलवर चित्रण करताना मोबाइल आडवा धरावा. उभ्या चित्राला टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात.

मुलगा अमेरिकेत असेल, तर त्याच्यासाठी एनटीएससी पद्धतीची वेगळी प्रत करावी. आपले प्लेअर बहुधा दोन्ही पद्धती चालवतात, तिकडचे बरेचसे पाल घेत नाहीत.

फितीवर पांढरी पूड दिसली, तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतेच, शिवाय तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. डीव्हीडी झाली म्हणून कॅसेट फेकू नका. आपल्याच ओळखीच्या एका घरी बाजारातून तबकड्या करून आणल्या आणि दिवाळीच्या साफसफाईत कॅसेट्स भंगारवाल्याला दिल्या. तबकड्या खिडकीशेजारच्या फळीवर, रोज दुपारचे ऊन. घरी लिहिलेल्या तबकडीत रंगाचा एक थर असतो आणि उन्हाने तो विटतो. दोन वर्षांनी त्यातली एकही वाचली जाईना. ते आमच्याकडे घेऊन आले. आम्ही चार वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिल्या, काही निघाले नाही. मुलाचे बारसे होते त्यात, आणि पाळण्याजवळ बसलेल्या पणजी. मूळ कॅसेट असती तर पुन्हा करता आले असते. आम्हाला हात जोडून परत पाठवावे लागले.

म्हणून तबकडीच्या दोन प्रती करा, एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवा. संगणकात उतरवलेली मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवा. तबकडी डबीत, उभी, अंधारात. पुसायची वेळ आली तर मधून कडेकडे, गोल गोल नाही. आणि दर दोन-तीन वर्षांनी लावून पाहा. खराब होऊ लागली आहे असे वेळेवर कळले, तर वाचवता येते.

काकूंची गोष्ट पुरी करतो. त्या संध्याकाळी दुसऱ्या तबकडीत काका एका लांबलचक वाक्यावर अडले. आम्हाला वाटले, पुन्हा तबकडी थांबली! पण नाही, काकाच वाक्य विसरले होते. मग विंगेतून हळूच एका बाईचा आवाज आला, दोन शब्द, आणि काका पुढे बोलू लागले. काकू हसल्या. म्हणाल्या, "ती मीच. प्रॉम्प्टिंगला मी होते." मंडळाच्या त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रॉम्प्टर म्हणून कुणाचेच नाव नाही. काकूंनी ते दोन शब्द रिमोटने मागे नेऊन परत ऐकले. मग आम्हाला म्हणाल्या, "चहा टाकते, बसा."

सांगायचे एवढेच की संगणकाने 'पूर्ण' म्हटले म्हणजे काम झाले असे समजू नका. ज्यांच्यासाठी केली, त्यांच्या घरी, त्यांच्या प्लेअरवर, त्यांच्या हातून चालली, तरच ती डीव्हीडी झाली. स्वतः करत असाल, तर ही शेवटची पायरी गाळू नका. दुकानातून करून घेत असाल, तर घरी लावून पाहिल्याशिवाय कॅसेट परत आली की नाही हे विसरू नका.

आणि ज्यांना जमत नसेल त्यांनी आम्हाला सांगा. कोऱ्या तबकड्यांचा खर्च तुमचा, रविवार आमचे. मंडळाच्या नाटकांच्या, मेळ्यांच्या, विसर्जनाच्या कॅसेट्स कुणाकडे असतील तर जरूर आणा, एक प्रत मंडळाच्या कपाटातही राहील. फक्त पुढच्या पावसाळ्याआधी आणा.

काही चुकले असेल तर मुलांचे म्हणून सांभाळून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!