अधिकारपद आणि अनुभव

राज्यपालाच्या पात्रतेसाठीं भारताच्या राज्यघटनेनें दोनच अटी घातल्या आहेत : नागरिकत्व आणि वयाचीं ३५ वर्षें पूर्ण. अनुभवाचें माप घटनेनें दिलेलें नाहीं. तें नेमणाऱ्यांच्या विवेकावर सोडलें आहे. डॉ. आंबेडकरांनीं १९४९ सालीं घटना समितींत सांगितलें कीं, राज्यपालाला स्वतःच्या मुखत्यारीनें चालविण्याचें कार्य नाहीं, परंतु कर्तव्यें आहेत : मंत्रिमंडळास सल्ला देणें, सावध करणें, फेरविचार सुचविणें.

असा सल्ला देण्यास कोणता अनुभव लागतो, हें त्याच आंबेडकरांच्या महाड येथील लढ्यांत दिसून येतें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला. सरकारी हुकूम निघाला. १९२४ सालीं महाड नगरपालिकेनेंही चवदार तळें खुलें केल्याचें ठरविलें. तरी अस्पृश्यांस तेथें पाणी भरतां येईना. अखेर २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकरांनीं सहकाऱ्यांसह तें पाणी घेतलें. त्याच दिवशीं सत्याग्रहींवर हल्ले झाले. ऑगस्टमध्यें नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला. हायकोर्टाचा निकाल हातीं येण्यास १९३७ साल उजाडलें.

म्हणून उमेदवारानें किती वर्षें खुर्ची भूषविली, एवढेंच मोजून भागत नाहीं. आपला हुकूम पाणवठ्यापर्यंत पोहोंचला काय, हें त्यानें कधीं पाहिलें होतें काय ? विरोध होतांच तो ठरावाच्या पाठीशीं उभा राहिला, कीं मागें सरला ? ज्याच्या हातीं सत्ता थोडी, त्याच्या शब्दाला वजन येतें तें अशाच अनुभवानें.