बांधलेला गिअरबॉक्स घेताना
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आधीचे वक्ते भरपूर बोलले आहेत. मी खर्चाच्या एकाच बाबीवर बोलणार आहे. मृगाचा पाऊस पडतो, वापसा येतो, आणि नेमका त्याच दिवशी गावातला एखादा ट्रॅक्टर बसतो. गिअर पडत नाही, पडला तर टिकत नाही. मिस्त्री येतो, कान लावतो आणि सांगतो, "बॉक्स गेला." तालुक्याच्या गावी कोणाकडे तरी 'बांधलेला' बॉक्स तयारच असतो. आज पैसे द्या, उद्या बसवून देतो. पेरणी थांबवता येत नाही, म्हणून मालक सावकाराच्या दारी जातो.

समजा, या कामाला 40 हजार रुपये लागले. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल होता. तोही पदरात पडला असे धरले, तरी हा जवळजवळ पाच क्विंटल कापूस झाला. कोरडवाहू एकरात तेवढा पिकेलच याची खात्री आपल्यापैकी कोण देईल? भावाची घासाघीस करण्याची संधी आपल्याला बाजार समितीत मिळत नाही, पण गॅरेजमध्ये मिळते. ती आपण घाईत घालवतो.

पहिली गोष्ट, बॉक्स खरोखर गेला आहे का ते पाहा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लच सोडलेला, आणि घरघर येते. क्लच दाबला की थांबते. असे असेल तर संशय बॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर तो बहुतेक क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असतो, बॉक्सचा नव्हे. गिअर खरखरत पडत असेल तर आधी क्लचच्या पायाची ढिलाई तपासा. गिअर आपोआप निसटत असेल तर कधी दात झिजलेले असतात, कधी काटा, आणि कधी फक्त गोळी दाबून धरणारी स्प्रिंग बसलेली असते. त्या स्प्रिंगची किंमत पूर्ण बॉक्सपुढे काहीच नाही. खालचा बूच काढून तेल पाहा. दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी गेले आहे. चुंबकाला बारीक भुकटी चिकटली तर ती नेहमीची झीज असते; दाताचे तुकडे निघाले तर मात्र बॉक्स उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

उघडायचेच ठरले तर तीन वाटा असतात. स्वतःचा बॉक्स दुरुस्त करणे, भंगारातल्या ट्रॅक्टरचा बॉक्स आणून बसवणे, किंवा जुना देऊन बांधलेला घेणे. भंगाराच्या बॉक्सबद्दल मी फार बोलत नाही. तो उघडून दाखवत असतील तर पाहा, नाहीतर पुढे चला.

'बांधलेला' हा शब्द मात्र नीट तपासून घ्यावा लागतो. मोडलेला एक गिअर बदलून, बाहेरून डिझेलने धुऊन रंग मारला तरी त्याला बांधलेला म्हणतात. सगळी बेअरिंगे, सील, झिजलेले गिअर आणि काटे बदलून, मापे घेऊन जोडला तरी बांधलेलाच म्हणतात. अमेरिकेत मोटारींना आपोआप गिअर बदलणारे बॉक्स असतात आणि ते बांधून विकण्याचा तिथे मोठा धंदा आहे. तिथे या दोन प्रकारांना दोन वेगळी नावे आहेत, आणि किंमतही वेगळी आहे. शिवाय तिथला दुकानदार जुन्या बॉक्सपोटी वेगळी ठेव घेतो आणि जुना बॉक्स परत केला की ती परत देतो. म्हणजे मेलेल्या बॉक्सलाही किंमत आहे हे तो कागदावर कबूल करतो. आपल्याकडे जुना बॉक्स "काय करता त्याचे, राहू द्या इथेच" म्हणून ठेवून घेतात. त्यातली धड केस आणि चांगले गिअर पुढच्या गिऱ्हाइकाच्या बॉक्समध्ये जातात. तेव्हा जुन्याचे किती धरले, हा आकडा आधी वेगळा लिहून घ्या.

माझे मत विचाराल तर, केस फुटलेली नसेल आणि हाताशी दिवस असतील तर स्वतःचाच बॉक्स दुरुस्त करावा. त्यात काय आहे, काय बदलले, हे आपल्या डोळ्यांसमोर होते. एकमेकांत फिरणारे दोन गिअर एकत्र झिजलेले असतात, त्यामुळे बदलायचे तर जोडीने बदलावेत. क्राउन आणि पिनियन तर कारखान्यातूनच जोडी जुळवून येतात, दोन्हींवर जुळणीचा क्रमांक कोरलेला असतो. नवा पिनियन आणि जुना क्राउन बसवून देणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा. आणखी एक. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचे तेल एकच असते. दाताचा चुरा त्या तेलाबरोबर लिफ्टच्या पंपात जातो. पूर्ण हाउसिंग न धुता, जाळी साफ न करता, जुनेच तेल गाळून भरले तर बॉक्सपाठोपाठ पंप जातो, आणि मिस्त्री म्हणतो, "त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

आता गॅरंटीचे. "सहा महिन्यांची गॅरंटी" ऐकून आपण खूश होतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वर्षातले बरेच महिने उभाच असतो. डिसेंबरात बॉक्स बसवला, तर गॅरंटीचा मोठा भाग कापसाची ट्रॉली ओढण्यात आणि उभे राहण्यात जातो. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पलटी नांगर घातला की खरी परीक्षा होते, आणि तोवर मुदत संपत आलेली असते. म्हणून गॅरंटी मीटरवरच्या तासांत मागा. ती फक्त भागाची आहे की ट्रॅक्टर पुन्हा मधून सोडवून जोडण्याच्या मजुरीचीही आहे, हेही विचारा. बेअरिंग फुकट दिले आणि मजुरी पुन्हा घेतली तर गॅरंटीचे नाव तेवढे राहिले.

पैसे कसे द्यायचे? सगळे आगाऊ कधीच नाहीत. आधी लेखी अंदाजपत्रक, भागांचे वेगळे आणि मजुरीचे वेगळे. भाग स्वतः जाऊन आणता आले तर उत्तम, नाहीतर तेवढ्यापुरता आगाऊ. बदललेले जुने भाग पोत्यात घालून घरी आणा. शेवटचा हप्ता नांगराखाली चालवून पाहिल्यावर. अंदाजपत्रक आधी घेण्याचे कारण कायद्यातच आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे कारागिराला त्याच्या मजुरीसाठी वस्तू अडवून धरण्याचा हक्क आहे. रकमेचा वाद पेरणीच्या तोंडावर निघाला तर ट्रॅक्टर त्याच्या दारात असतो आणि तिफण आपल्या.

बिल पक्केच घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स व क्लचच्या भागांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. 40 हजारांच्या भागांवर 7,200 ऐवजी 2,000 कर लागतो. हे 5,200 रुपये दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर सहज गिळू शकतो. पक्के बिल नसेल तर ग्राहक आयोगातही पाय घट्ट राहत नाही. 2019 च्या ग्राहक कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ट्रॅक्टर स्वतःच्या उपजीविकेसाठी आहे हे तक्रारीत लिहा, नाहीतर समोरचा वकील तुम्हाला व्यापारी ठरवायला बघेल.

सावकाराकडे जाण्याआधी बँकेत एक प्रश्न विचारा. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या रकमेवर 20 टक्के शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी धरायचे असतात. तुमच्या मर्यादेत ते धरले आहेत का? साहेबांना आकडेमोड दाखवायला सांगा. हा पैसा हंगामाआधी काढता येतो, म्हणून बॉक्स उघडायचा तर वेचणी संपल्यावर, मार्च-एप्रिलात, नांगरटीच्या आधी. तेव्हा मिस्त्रीही रिकामा असतो आणि चार गॅरेजांचे दर विचारायला आपल्यालाही वेळ असतो.

जेवणानंतर मंडपामागे एक उघडलेला बॉक्स मांडून ठेवला आहे. झिजलेला दात आणि धड दात शेजारीशेजारी ठेवले आहेत, हात लावून पाहा. ज्यांच्याकडे गेल्या हंगामातली दुरुस्तीची बिले असतील त्यांनी ती दाखवावीत, तालुक्या-तालुक्यातले मजुरीचे दर आपण फळ्यावर मांडू.